पालकांच्या मताची हद्द

“किती दिवसांत फरक दिसला?” पालकांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी तो दुधात घालायच्या पावडरीबद्दल असतो, कधी स्मरणशक्तीच्या सिरपबद्दल, कधी पुष्य नक्षत्रावर देतात त्या सुवर्णप्राशनाबद्दल. उत्तरंही लगेच येतात. कोणाच्या मुलाची उंची डोळ्यांत भरण्याइतकी वाढली, कोणाच्या मुलीची सारखी होणारी सर्दी थांबली, कोणाचा मुलगा वर्गात लक्ष द्यायला लागला. लिहिणारे खोटं बोलत नसतात. पण पाच वर्षांचं मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतंच. पावडर दिली तरी वाढतं, नाही दिली तरी वाढतं, आणि ‘काही खातच नाही मेलं’ असं आजीनं दिवसातून चारदा म्हटलं तरी वाढतं. पावसाळा सरला की सर्दी कमी होते. बालवाडीचं पहिलं वर्ष उलटलं की आजारपणंही कमी होतात. मधल्या काळात घरात जो डबा असेल त्याला श्रेय मिळतं.

पालकांचं मत टाकाऊ असतं असं मला म्हणायचं नाही. मी दोन मुलांची आई आहे आणि काहीही घेताना आधी दुसऱ्या आयांनाच विचारते. म्हणणं एवढंच की या मताला एक हद्द आहे, आणि ती आपण अगदी उलटी आखून ठेवली आहे. घरात बसून ज्या गोष्टी कळणं शक्यच नाही त्यांच्यावर आपण छातीठोक बोलतो. जिथे आपल्याइतकं दुसऱ्या कोणालाच कळू शकत नाही, म्हणजे मुलांच्या पुस्तकांबाबत, तिथे मात्र मुखपृष्ठावर छापलेल्या आश्वासनावर विसंबतो. याचा फायदा कोणाला होतो ते पाहण्यासारखं आहे.

आधी आपल्याला जे नक्की कळतं ते. डायपर रात्रभर टिकतो का आणि सकाळी मांडीच्या घडीत लाल चट्टा उमटतो का, हे आईला कळतं. डब्याचं झाकण पहिलीतल्या मुलाला स्वतःच्या हातांनी उघडतं की मधल्या सुट्टीत तो बाईंपाशी रांगेत उभा राहतो. आमटी दप्तरात गळते का. रेनकोट दप्तरासकट अंगावर बसतो की पाठीवरचं ओझं बाहेर राहून वह्या भिजतात. पाण्याच्या बाटलीची नळी आतून घासता येते की महिन्याभरात तिच्यात काळी बुरशी धरते. या गोष्टी कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा पालक चांगल्या सांगतात, कारण इथे परिणाम डोळ्यांसमोर घडतो, लवकर घडतो आणि चुकला तर त्याच दिवशी कळतो. अशा मतांसाठी मी अनोळखी बाईवरही विश्वास ठेवते. नळीची बाटली घेऊ नका, असं मी स्वतः दिसेल त्याला सांगत असते.

आता दुधात घालायची पावडर. तिच्याबद्दल पालकाला काय कळू शकतं? मूल दूध पितं का, गुठळ्या होतात का, डबा किती दिवस पुरतो, एवढंच. हाडं, मेंदू, प्रतिकारशक्ती यांबद्दल त्याला काहीही कळत नाही. आणि डब्याच्या पुढच्या बाजूवर नेमकं तेच छापलेलं असतं. साखर असते मागे, बारीक अक्षरांत.

मागची बाजू वाचणाऱ्यांनाही पूर्ण चित्र मिळत नाही. आपल्याकडच्या लेबलवर ‘रोजच्या गरजेच्या इतके टक्के’ असा एक रकाना असतो. ते टक्के २००० किलोकॅलरी आणि दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर असं धरून काढलेले असतात. हे माप सरासरी प्रौढ माणसाचं आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज १३००-१४०० किलोकॅलरींच्या आसपास असते. ५० ग्रॅम साखर म्हणजे २००० किलोकॅलरींतल्या दहा टक्के. तेच दहा टक्क्यांचं प्रमाण लावलं तर त्याची साखरेची मर्यादा ३५ ग्रॅमच्याही आत येते. म्हणजे पुड्यावर २० टक्के लिहिलेली साखर त्या मुलासाठी ३० टक्के असते. पुड्यावर हसरं अस्वल, उड्या मारणारा ससा, आत कोडं नाहीतर स्टिकर, आणि हिशोब मात्र चाळिशीतल्या बाबांचा. हा रकाना वाचून कोणी निर्णय घेत असेल तर तो चुकीच्या आकड्यावर घेतो, आणि तोही नियमानुसार छापलेल्या.

भाषेचं तर विचारूच नका. अन्नपदार्थांच्या लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की कायद्याचं समाधान होतं. इतर भाषा वापरायला मनाई नाही, पण सक्तीही नाही. जाहिरात मात्र मराठीत येते, मराठी मालिकेच्या मध्यात येते, आणि तिच्यातली आई चक्क ‘अगं बाई’ म्हणते. विकायचं मराठीत आणि सांगायचं इंग्रजीत, अशी ही वाटणी आहे. आपल्याकडे दुकानाच्या पाटीची भाषा हा राजकीय प्रश्न होतो. दुकानातल्या पुड्यावर साखर किती हे मराठीत लिहा, या मागणीसाठी रस्त्यावर आलेला पक्ष माझ्या पाहण्यात नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एका तरुणानं बोर्नव्हिटातल्या साखरेवर छोटा व्हिडिओ केला. कंपनीनं कायदेशीर नोटीस पाठवली, त्यानं व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो घराघरांत पोचला होता. वर्षअखेरीपर्यंत कंपनीनं १०० ग्रॅममागची वरून घातलेली साखर सुमारे ३७ ग्रॅमवरून ३२ ग्रॅमवर आणली. मग २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना कळवलं की बोर्नव्हिटासारखी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली ठेवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असं काही सदरच नाही. त्याच महिन्यात हॉर्लिक्सचंही सदर कंपनीनं बदललं. ‘हेल्थ’ जाऊन ‘फंक्शनल न्यूट्रिशनल’ आलं. कपाटातला डबा तोच, चमचाही तोच. कित्येक पिढ्या जे सदर कायद्यात नव्हतंच ते आपण घरात औषधासारखं वापरलं, आणि एका व्हिडिओच्या दणक्यानं ते बाजूला करावं लागलं.

आणखी एक गंमत. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटीचे नवे दर आले, तेव्हा या माल्टच्या पावडरी, बिस्किटं आणि चॉकलेटं १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आली. त्याच वेळी शीतपेयं ४० टक्क्यांच्या खान्यात गेली. म्हणजे बाटलीतली साखर सरकारला दिसते, पुड्यातली दिसत नाही. पाकीटबंद नाचणीच्या पिठावरही कर पाचच टक्के. महागाईत बिस्किटाचा पुडा स्वस्त झाला याचं दुःख करावं असं नाही. पाच-दहा रुपयांचा पुडा हे अनेक मुलांचं सकाळचं खाणं आहे हे मलाही दिसतं. पण कर ठरवताना साखर किती याचा विचारच न करणं, हा काही गरिबांचा कळवळा नव्हे.

पालकांच्या मताची हद्द सगळ्यात क्रूरपणे दिसली ती ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाबतीत. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार झपाट्यानं जातात. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम ठरावीक प्रमाणात एकत्र असले की ते बरोबरीनं शोषले जातात आणि पाण्याला आत ओढतात. या साध्या तत्त्वावर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या रुग्णांना मीठ-साखरेचं द्रावण तोंडावाटे दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. आजच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, बाकी मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. साखर याहून फार वाढली की गणित उलटतं: आतड्यातली दाट साखर शरीरातलंच पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात.

तरीही वर्षानुवर्षं मेडिकलमध्ये, अगदी दवाखान्यांच्या कॅन्टीनमध्येही, नावात ओआरएस ही तीन अक्षरं मिरवणारी गोड पेयं मिळत होती. त्यांतली साखर लिटरमागे त्या १३.५ ग्रॅमच्या कित्येक पट. आई काय पाहते? पोरगं पुडीचं खारट पाणी थुंकतं आणि खोक्यातलं सफरचंदाच्या चवीचं गटागटा पितं. तिचं मत काय होणार? ‘हे छान आहे, माझा मुलगा आवडीनं पितो.’ हे मत शंभर टक्के खरं आहे आणि तेच घातक आहे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध सुमारे आठ वर्षं झगडा दिला, उच्च न्यायालयात गेल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं एप्रिल २०२२ मध्ये असं नाव वापरायला मनाई केली आणि जुलैमध्ये वाट मोकळी करून दिली: नाव ठेवा, फक्त ‘हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएस नाही’ अशी ओळ छापा. नावात ओआरएस आणि खाली बारीक अक्षरांत ‘हे ओआरएस नाही’. ही परवानगी मागे घ्यायला १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. मधल्या तीन वर्षांत ज्यांनी ती ओळ वाचली नाही ते पालक ‘सुजाण’ नव्हते म्हणायचं का?

हा ‘सुजाण पालक’ मला फार संशयास्पद प्राणी वाटतो. कंपन्यांना तो आवडतो, कारण सगळी जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकता येते. सरकारला आवडतो, कारण जनजागृतीचं पत्रक काढलं की काम संपतं. आपल्यालाही आवडतो, कारण आपण तो आहोत आणि शेजारीण नाही असं वाटून घेता येतं. पण किराणा दुकानात एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, मागे रांग, अशा बाईनं पुड्यामागची दोन मिलिमीटरची अक्षरं वाचावीत, त्यातले प्रौढांचे टक्के मुलाच्या मापात बदलावेत, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे काय ते आठवावं आणि मग निर्णय घ्यावा, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी एकदा तरी त्या रांगेत उभं राहून पाहावं.

सोपी खूण करता येते हे आपण केव्हाच सिद्ध केलं आहे. चौकोनातला हिरवा ठिपका भारतात गेली दोन दशकं शाकाहारी पदार्थांच्या पुड्यांवर आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीला तो कळतो, बालवाडीतल्या नातवाला कळतो, आणि त्यासाठी कोणाला पोषणशास्त्र शिकावं लागलं नाही. मग साखर, मीठ आणि चरबी यांच्यासाठी तशीच ठसठशीत खूण का नको? अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मसुद्यात ही तिन्ही जास्त असलेल्या पदार्थांवर लाल रंग सुचवला होता. २०२२ च्या मसुद्यात लाल रंग जाऊन तारे आले, अर्ध्यापासून पाचपर्यंत. इशाऱ्याच्या जागी गुणपत्रिका आली, आणि तीही अशी की थोडं प्रथिन, थोडा तंतू घातला तर साखरेचे गमावलेले गुण काही अंशी भरून निघावेत. मुलाच्या हातावर बाई ‘स्टार’ काढतात तो शाबासकीचा असतो. दीड तारा मिळालेला पुडाही पाहणाऱ्याला तारा मिळालेलाच दिसणार. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं या विषयावरच्या तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांची मुदत घालून दिली होती. एवढ्या साध्या गोष्टीसाठी प्रकरण तिथवर जावं लागलं हेच पुरेसं बोलकं आहे.

चिलीनं २०१६ मध्ये पुड्याच्या पुढच्या बाजूवर काळे अष्टकोन आणले: साखर जास्त, मीठ जास्त, चरबी जास्त, उष्मांक जास्त, एवढंच. ज्या पुड्यावर अष्टकोन त्यावर मुलांना भुलवणारी चित्रं छापायची नाहीत, त्यामुळे न्याहारीच्या खोक्यांवरचे वाघ आणि पक्षी नाहीसे झाले. पहिल्या दीड वर्षात अष्टकोनवाल्या पेयांची खरेदी जवळजवळ पाव घटली. तिथले पालक त्या दीड वर्षात एकाएकी शहाणे झाले नसणार.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की अशा खुणांनी आपलं लोणचं, पापड, चकली, श्रीखंड सगळं काळं ठरेल आणि परदेशी खाद्यसंस्कृती जिंकेल. ठरू दे की. लोणच्यात मीठ असतं हे कोणापासून लपलेलं नाही, आणि लोणच्याच्या बरणीवर ‘उंची वाढवतं’ असं कोणी लिहीत नाही. श्रीखंड आपण सणाला चक्क गोड म्हणून खातो. भांडण साखरेशी कमी आणि आरोग्याचा अंगरखा घालून आलेल्या साखरेशी जास्त आहे. उद्या बाटलीबंद गुटीनं ‘बुद्धी तल्लख’ असा दावा केला तर तिच्याकडेही तोच पुरावा मागावा. आयुर्वेदिक, पारंपरिक, आजीच्या बटव्यातलं म्हणून सूट नको.

कायद्यानं हे साधत नाही असंही नाही. १९९२ च्या शिशु दुग्धपर्याय कायद्यानं आणि त्यातल्या २००३ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दूधपावडरी आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीवर बंदी घातली. डब्यावर बाळाचं किंवा आईचं चित्र नाही, मोफत नमुने नाहीत, आईचं दूधच उत्तम हे ठळक छापायचं. ‘सुदृढ बालक’ स्पर्धांत गुबगुबीत गालांनाच पहिला नंबर देणाऱ्या आपल्या समाजात डब्यावरचं ते गुटगुटीत बाळ पुसून टाकणं ही लहान गोष्ट नव्हती. पण कायद्याचं लक्ष जाहिरातीवर होतं, आतल्या साखरेवर तितकं नव्हतं. २०२४ मध्ये पब्लिक आय या स्वित्झर्लंडच्या संस्थेनं दाखवलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वाटीमागे सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास साखर वरून घातलेली असते, तर त्याच कंपनीच्या जर्मनी-इंग्लंडमधल्या उत्पादनांत ती नसते. त्यानंतर कंपनीनं साखर न घातलेले प्रकार आणले. आणि कायद्याची दोन वर्षं संपली की ‘दोन वर्षांपुढील मुलांसाठी’चा डबा बाजारात हजर असतोच. तिथून जाहिरात मोकळी, चित्र मोकळं, दावा मोकळा.

नियम असून राबवता न येणं हा वेगळा रोग आहे, आणि त्याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. जॉन्सनच्या बेबी पावडरीचे २०१८ च्या अखेरीस घेतलेले नमुने सामूच्या, म्हणजे पीएचच्या, कसोटीवर उतरले नाहीत, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं मुलुंडच्या कारखान्यावर कारवाई केली ती २०२२ च्या सप्टेंबरमध्ये. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते आदेश रद्द केले, आणि दिरंगाईबद्दल प्रशासनाचे कानही टोचले. न्यायालय बरोबरच होतं. मुलांच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूचा नमुना तपासून निर्णयाला तीन-चार वर्षं लागत असतील, तर तोवर बारशाला पावडर भेट मिळालेली मुलं बालवाडीत जातात. त्या काळात आमच्याकडे मालिशवाल्या मावशी काय म्हणायच्या? ‘वास किती छान.’ त्यांची आणि माझी त्या पावडरीबद्दलची पात्रता तेवढीच होती.

त्यात आता पैसे घेऊन दिलेली मतं मिसळली आहेत. स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून एक आई कॅमेऱ्याकडे पाहत सांगते की तिच्या बाळाला हेच मानवलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा आर्थिक संबंध उघड करायला हवा, आणि मुलांची बुद्धी किंवा शारीरिक क्षमता वाढते असा दावा पुराव्याविना करता येत नाही. नियम चांगला आहे. पण ‘मला वाटतं’ हे दोन शब्द लावले की दावा मत होतो आणि नियमाच्या हातून निसटतो. म्हणून आरोग्याच्या बाबतीत पालकांच्या मताला बाजारात जागाच असू नये असं मी म्हणते. चवीबद्दल बोला, झाकणाबद्दल बोला. हाडांबद्दल बोलायचं तर मोजमाप दाखवा, नाहीतर गप्प बसा.

आता पुस्तकं. इथे सगळं उलटं आहे. पुस्तक मुलाला कसं वाटलं हे त्याच संध्याकाळी कळतं. मूल पान उलटून परत मागे गेलं, चित्रातल्या मांजराच्या शेपटीवर बोट ठेवलं, दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक ओढत घेऊन आलं, तर पुस्तक पास. तिसऱ्या पानावर उठून निघून गेलं तर नापास. वाचणाऱ्या मोठ्या माणसाचीही चाचणी होते: सलग पाचव्यांदा वाचताना कंटाळा आला नाही तर लिहिणाऱ्याला भाषा येते. जीभ दर ओळीला अडखळत असेल तर पुस्तक दुसऱ्या भाषेतून घाईनं उतरवलेलं आहे आणि त्यातला ससा मराठी बोलतच नाही. हे ओळखायला कुठलीही प्रयोगशाळा लागत नाही. पुराव्याच्या बाबतीत मुलांचं पुस्तक पाण्याच्या बाटलीच्या रांगेत बसतं.

आणि नेमकं इथेच आपण मत बाजूला ठेवतो आणि टॉनिक विकत घेतो. शाळेच्या प्रदर्शनात, मॉलमध्ये, रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर काय खपतं ते पाहा. ‘संस्कार कथा’, ‘बुद्धीला चालना’, ‘जगातील थोर व्यक्ती, संच २०’, सहा महिन्यांच्या बाळासाठी काळी-पांढरी कार्डं, तीन वर्षांच्या मुलासाठी इंग्रजी उच्चारांचे संच. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य, म्हणजे डोस घेतला याची पावती. खरेदी करणारा आत एक पानही वाचत नाही. पाठीमागे ‘मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी’ आहे ना, बस. पावडरीच्या डब्यावर जी फसवणूक कंपनी करते ती पुस्तकाच्या बाबतीत आपण आपली आपणच करून घेतो, आणि प्रकाशक बिचारा मागणीप्रमाणे छापतो.

गोष्ट संपली रे संपली की ‘मग यातून काय शिकलास?’ हा आपला प्रश्न. सहा वर्षांचं पोर कोल्ह्याच्या लबाडीवर खुदखुदून हसत असतं, त्याला ताबडतोब लबाडी वाईट म्हणायला लावायचं. पुढच्या वेळी ते हसायच्या आधी तात्पर्य शोधतं, आणि त्याच्या पुढच्या वेळी पुस्तकच नको म्हणतं. मग आपण ग्रुपवर विचारतो, ‘वाचनाची आवड लागण्यासाठी काय द्यावं?’

किमतीची तक्रार खरी आहे. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं आयात पुस्तक घ्यायचं तर महिन्याच्या डायपरच्या खर्चाशी तुलना करावी लागते. पण मराठीत स्वस्त आणि चांगलं नाही हे खरं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे, अंकाची किंमत वडापावाच्या हिशोबात मोजता येते, आणि जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी चित्रगोष्टी मोफत वाचता येतात. त्यात सुमारही खूप आहे, निवड करावी लागते, पण निवड करण्यातच मजा आहे. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं अजूनही चहा-बिस्किटाच्या खर्चात येतात. यांपैकी एकावरही ‘बुद्ध्यांक वाढवतं’ असं लिहिलेलं नाही, हे त्यांच्या न खपण्याचं एक कारण असावं.

कोणी म्हणेल, मग पुस्तकांनाही खूण लावा, वयोगट लावा, तज्ज्ञांची मान्यता घ्या. नको. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआयची खूण सक्तीची आहे आणि तीन वर्षांखालच्या मुलांसाठीचा इशारा घशात तुकडा अडकू नये म्हणून असतो. तिथे शरीराचा प्रश्न आहे. पुस्तकावरचं ‘६+’ हा बहुतेक वेळा दुकानाच्या कप्प्याचा प्रश्न असतो. माझी मुलगी चौथीत असताना धाकट्याची चित्रपुस्तकं लोळून वाचायची आणि मोठ्यांच्या मासिकातली रहस्यकथाही. सरकारी शिक्क्यानं ठरवायचं असतं तर तिला दोन्ही मिळाली नसती.

सरकारनं करायचं ते दुसरंच आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित ग्रंथालयं उभी राहिली. इतकं जाळं फार कमी राज्यांत असेल. त्यांतल्या बालविभागाचं कपाट पुष्कळ ठिकाणी कुलूपबंद असतं, किल्ली एका काकांकडे, आणि काका चार वाजता जातात. खरेदी होते ती शासनमान्य यादीतून, वर्षअखेरीला अनुदान खर्ची टाकायच्या घाईत. कुठलं पुस्तक मुलांनी किती वेळा नेलं, कुठलं एकदाही कपाटाबाहेर आलं नाही, याची नोंद प्रत्येक ग्रंथालयाच्या देवघेव वहीत असते. पालकांचं आणि मुलांचं इतकं प्रामाणिक, पैसे न घेता दिलेलं मत दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पुढच्या खरेदीआधी समितीनं ती वही समोर उघडून ठेवावी, आणि बालविभागाचं कपाट शाळा सुटल्यावर दोन तास तरी उघडं राहील असं अनुदानाच्या अटीतच लिहावं. काकांना उशिरापर्यंत थांबणं जमत नसेल तर किल्ली सातवीतल्या एखाद्या पोरीकडे द्यावी.